सासच्या खोऱ्यातले ‘अपने लोग’

मुलांना नकाशा वाचायची गोडी लागावी म्हणून आम्ही वर्गात अधूनमधून एक खेळ घेतो. जगाच्या नकाशात लपलेले अरबी शब्द शोधायचे. जिब्राल्टर म्हणजे जबल-तारिक, हे बहुतेकांना ठाऊक असते. स्पेनमधली ग्वादालक्विविर म्हणजे वादी-अल-कबीर, मोठी नदी. पोर्तुगालचा अल्गार्व म्हणजे अल-गर्ब, पश्चिमेकडचा मुलूख. मुले मजेत शोधतात. एकदा एका मुलाने घरातल्या जुन्या उर्दू पुस्तिकेतून एक नाव आणले. स्वित्झर्लंडमधले ‘अलालिन’ हे हिमशिखर. पुस्तिकेत लिहिले होते की मुसलमानांनी स्वित्झर्लंड जिंकले होते आणि तिथल्या डोंगरांची नावे अजून अरबी आहेत. मुलाचे डोळे चमकत होते. त्याने विचारले, “सर, ये अपने लोग थे क्या?”

त्या दिवशी आम्ही “पाहून सांगतो” म्हणालो. शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही असे मानणारे सहकारी आम्हांला भेटले आहेत. आमचे मत उलटे आहे. पण पाहता पाहता आम्ही त्या एका खोऱ्यात असे अडकलो की मुलाला उत्तर द्यायला दुसरे वर्ष उजाडले. तोवर तो पुढच्या वर्गात गेला होता.

खोऱ्याचे नाव सास. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला वालिस नावाचे राज्य आहे, तिकडच्या भाषेत कँटन. फ्रेंच बोलणारे त्याला वॅले म्हणतात. त्याच्या एका बोळकांडीत चार गावे आहेत: सास-बालेन, सास-ग्रुंड, सास-अल्मागेल आणि सास-फे. सास-फे सगळ्यांत उंच, समुद्रसपाटीपासून १८०० मीटरवर. तिन्ही बाजूंनी हिमनद्या आणि चार हजार मीटरांच्या वरची शिखरे. पश्चिमेला मिशाबेलची रांग, तिच्यातले डोम हे शिखर ४५४५ मीटर उंच. दक्षिणेच्या अंगाला अलालिनहॉर्न, ४०२७ मीटर. खोऱ्याच्या टोकाला मोंते मोरो नावाचा घाट, तो ओलांडला की इटली. १९५१ पर्यंत सास-फेला गाडीरस्ता नव्हता. खालून ग्रुंडहून खेचरांची पायवाट होती, तेवढीच. रस्ता झाल्यावरही गावकऱ्यांनी मोटारी गावात घेतल्या नाहीत. आजही त्या वेशीवर ठेवून आत पायी जावे लागते.

आता नावे पाहा. अलालिन, अल्मागेल, मिशाबेल, मोरो. अरबी शिकलेल्या कुणाच्याही कानाला ही नावे खुणावतात. ‘अल-ऐन’ म्हणजे झरा. ऐन म्हणजे डोळाही. उर्दूतली ‘ऐनक’ त्याच मुळातून आली. हिमनदीच्या पोटातून पाणी झरते, तेव्हा तिला झरा म्हणणे शोभते. ‘अल-महल्ल’ म्हणजे मुक्कामाची जागा, ठाणे. आपला मोहल्ला याच शब्दाचा भाऊबंद. म्हणजे अल्मागेल हा घाटाखालचा मोहल्ला झाला. ‘शिब्ल’ म्हणजे सिंहाचा छावा आणि ‘मुशबिल’ म्हणजे छाव्यांसह असलेली सिंहीण. मिशाबेलचे मोठे शिखर आणि त्याला बिलगलेली लहान शिखरे डोळ्यांपुढे आणली की सिंहीण दिसूही लागते. आणि मोरो म्हणजे तर मूर, मुसलमान. एवढे जुळल्यावर कोण थांबेल?

कोणी थांबले नाहीच. ही जुळणी कुणा मौलवीने केलेली नाही, हे आम्हांला उशिरा कळले. स्ट्रासबुर्गचा एंगेलहार्ट नावाचा एक विद्वान या खोऱ्यात हिंडला आणि १८४० मध्ये त्याने आपल्या पुस्तकात ही व्युत्पत्ती मांडली. त्याआधी चार वर्षे फ्रान्समध्ये रेनो या अरबीच्या पंडिताने फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडवरच्या सारासेन स्वाऱ्यांचा इतिहास छापला होता, त्यामुळे हवा तयार होती. (सारासेन म्हणजे मुसलमान अरब, मध्ययुगीन युरोपने दिलेले नाव.) १८५६ मध्ये झुरिकच्या फेर्डिनांड केलरने दहाव्या शतकातल्या या स्वाऱ्यांवर स्वतंत्र प्रबंधच लिहिला. पुढे लेबनॉनचे अमीर शकीब अर्सलान जिनिव्हात राहत असताना त्यांनी हे सारे साहित्य अरबीत आणले आणि १९३३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. अरबांच्या फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीवरच्या ‘गझवात’ असे त्याच्या नावातच आहे. गुलामगिरीत पिचलेल्या अरब जगाला तेव्हा असे काही हवेच होते. तिथून हा धागा पाझरत उर्दू पुस्तिकांत उतरला असावा आणि एका मुलाच्या दप्तरातून आमच्या टेबलावर आला. युरोपातल्या हौशी अभ्यासकाचा तर्क शंभर-दीडशे वर्षांत आमच्या घरी अभिमान होऊन पोहोचला.

पण स्वाऱ्या झाल्या होत्या, त्या खोट्या नाहीत. लिउटप्रांड नावाच्या बिशपने लिहून ठेवले आहे की वीसेक मुसलमान खलाशांची एक होडी स्पेनहून निघून वाऱ्याने भरकटली आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला, आजच्या सॅं-त्रोपेच्या आखाताला लागली. काळ इ.स. ८९० च्या आसपासचा. काटेरी रानाने वेढलेल्या डोंगरावर त्यांनी तळ केला. त्याचे नाव फ्राक्सिनेट. मग स्पेनहून आणखी माणसे आली. पुढली ऐंशी वर्षे हा तळ टिकला आणि तिथून आल्प्सच्या खिंडींपर्यंत त्यांचा वावर होता. ९२१ साली रोमच्या यात्रेला निघालेल्या इंग्रजांवर त्यांनी अरुंद वाटेत वरून दगड लोटून अनेकांना ठार केले, असे फ्लोडोआर या इतिवृत्तकाराने नोंदले आहे. ९४० च्या सुमारास सॅं-मोरीसचा प्राचीन मठ जळाला. कूर गावच्या बिशपला सारासेनांनी केलेल्या नासधुशीची भरपाई म्हणून जर्मन राजा ओटोने इनामे दिली, त्याचे कागद आहेत. यात्रेकरूंना लुटणे, माणसे धरून खंडणी घेणे, हा त्यांचा धंदा होता. आमच्या मुलांना हे सांगताना आम्ही शब्द गिळणार नाही. लुटारूला लुटारूच म्हणावे, त्याचे नाव अब्दुल्ला असले तरी.

मात्र याच कागदांत दुसरीही एक गोष्ट आहे. ९४१-४२ मध्ये इटलीचा राजा ह्यू याने बायझंटाईन आरमाराची मदत घेऊन फ्राक्सिनेटला वेढा घातला. तळ पडायला आला होता. तेवढ्यात ह्यूला आपला ख्रिस्ती प्रतिस्पर्धी बेरेंगार याची धास्ती वाटली. तो आल्प्स ओलांडून येईल म्हणून ह्यूने सारासेनांशी तह केला आणि खिंडींवरचा पहारा त्यांच्याच हाती दिला. लिउटप्रांडने यासाठी राजाला कडक शब्दांत सुनावले आहे. मध्ययुगीन राजकारण आपण समजतो तसे दोन धर्मांच्या दोन रांगांत उभे नव्हते, हे आपल्या दख्खनच्या पाच शाह्यांचा इतिहास शिकवताना आम्ही मुलांना सांगतोच. आल्प्समध्येही तेच होते. आणि फ्राक्सिनेटची तक्रार घेऊन ओटोचा वकील योहान गॉर्झे ९५३ मध्ये कोर्दोव्याला खलिफा तिसऱ्या अब्दुर्रहमानकडे गेला, तेव्हा त्याने नेलेल्या पत्रात इस्लामविषयी अपमानकारक मजकूर होता. खलिफाच्या माणसांनी ते पत्र दरबारात दाखवू नका असे सुचवले. योहान हटून बसला. शेवटी नवे, सौम्य पत्र मागवून घेऊन भेट झाली, त्यात तीन वर्षे गेली. इतका धीर आजचे सरकारही धरणार नाही.

अरबी ग्रंथकारांना तरी या लोकांचे कौतुक होते का? इस्तखरी आणि इब्न हौकल या दहाव्या शतकातल्या भूगोलकारांनी ‘जबल-अल-किलाल’ म्हणून या तळाचा उल्लेख केला आहे, तोही चार ओळींत. ओसाड जागा होती, मुसलमानांनी ती वसवली, शेती केली, फ्रँकांच्या तोंडावर आहेत. बस्स. कसीदे नाहीत, विजयोत्सव नाही.

शेवट झाला तो ९७२ मध्ये. क्लुनीच्या मठाचा प्रमुख मायोल रोमहून परत येताना ग्रेट सेंट बर्नार्डच्या घाटाखाली, ओर्सिएर गावाजवळ, सारासेनांच्या हाती सापडला. तो साऱ्या ख्रिस्ती जगाचा लाडका साधू. एक हजार पौंड चांदी देऊन मठाने त्याला सोडवले. पण या घटनेने सरदार पेटून उठले आणि ९७३ च्या सुमारास प्रोव्हान्सच्या विल्यमने फ्राक्सिनेट मोडून काढले.

मायोलच्या कैदेची एक हकीकत राउल ग्लाबेर या भिक्षूने पुढच्या शतकात लिहिली. ती आम्ही दोनतीनदा वाचली. कैद्याला त्यांनी आपले अन्न दिले, मांस आणि जाड्या भाकरी. मायोल म्हणाला, हे माझे खाणे नव्हे, देव मला माझे देईल. तेव्हा त्यांच्यातला एकजण उठला. त्याने बाह्या सारून हात धुतले, आपली ढाल धुतली आणि तिच्यावर मायोलच्या देखत स्वच्छ कणीक मळून भाकर भाजली. मोठ्या अदबीने ती पुढे केली. मायोलने प्रार्थना करून ती खाल्ली. पुढे त्यांच्यातल्याच दुसऱ्या एकाने काठी तासताना मायोलच्या बायबलवर पाय ठेवला. मायोल कळवळला. बाकीचे सारासेन त्या माणसावर धावून गेले की मोठ्या पैगंबरांचे शब्द असे पायदळी घालू नयेत. ग्लाबेर पुढे लिहितो की त्याच दिवशी कशावरून तरी भांडण होऊन साथीदारांनी त्याचा तोच पाय तोडला. भिक्षूच्या लेखणीला चमत्कार हवा होता, तो त्याने मिळवला. पण तौरात, इंजील ही अल्लाची किताबे आहेत, त्यांची बेअदबी नको, ही समज त्या लुटारूंच्या टोळीत होती हे शत्रुपक्षाच्या माणसाने लिहिले आहे. म्हणून आम्हांला ते खरे वाटते.

या सगळ्या कागदांत सासचे नाव कुठे आहे? कुठेच नाही. सेंट बर्नार्डचा घाट आहे, कूर आहे, सेंट गॅलनचा मठ आहे. सास नाही, अलालिन नाही, मोंते मोरो नाही. खोऱ्यात अरबी कोरीव लेख सापडलेला नाही, कबर सापडलेली नाही. गावांची नावे कागदोपत्री दिसू लागतात ती सारासेन निघून गेल्यावर दोन-तीनशे वर्षांनी, जेव्हा जर्मन बोलणारे शेतकरी या डोंगरांत पसरले होते. मिशाबेलबद्दल तर तिथले लोक साधे सांगतात: जुन्या बोलीत शेणखत उचलायच्या दातेरी काट्याला जे म्हणत तेच हे. शिखरांची रांग पाहिली की काट्याचे दात दिसतात. इटालियनमध्ये ‘मोरो’ म्हणजे नुसता काळासावळाही होतो. सिंहीण आणि शेणाचा काटा यांत निवड करायची तर कवी सिंहीण घेईल. गोठा झाडणारा काय घेईल? आणि डोंगराला नाव देणारे कवी नव्हते, गोठा झाडणारेच होते. आम्ही काट्याच्या बाजूने आहोत. अल्मागेलविषयी आमचे मन अजून थोडे रेंगाळते, पण मन रेंगाळणे म्हणजे पुरावा नव्हे.

आता त्या गोठेवाल्यांकडे वळतो, कारण खोऱ्यात खरोखर उभे आहे ते त्यांचे. सास-फेच्या जुन्या भागात अजून लार्च लाकडाची घरे आहेत. खाली दगडी जोते, त्यावर आडव्या ओंडक्यांच्या भिंती, कोपऱ्यांत ओंडके एकमेकांत खाचून बसवलेले, छतावर दगडी फरश्या. शेकडो वर्षांच्या उन्हाने लाकूड काळेभोर झाले आहे. घराशेजारी धान्याचे कोठार, त्याला श्टाडेल म्हणतात. ते लाकडी पायांवर उचललेले असते आणि प्रत्येक पायावर एक वाटोळी, पसरट शिळा ठेवलेली असते. उंदीर पाय चढून येतो, पण शिळेची बाहेर आलेली कड त्याला ओलांडता येत नाही. एवढीच युक्ती. वर राय धान्याच्या पेंढ्या. त्या रायची भाकर गावच्या सामायिक भट्टीत वर्षातून मोजक्या वेळा भाजायची आणि महिनोन्‌महिने पुरवायची. ती इतकी कडक होई की तोडायला खास सुरी लागे. आल्प्सची श्रीमंती आज आपण सिनेमातल्या गाण्यांत पाहतो. ती फार अलीकडची. भाऊबंदकीही आपल्यासारखीच. वालिसमध्ये वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटण्या होत होत एकाच घराचे मजले वेगवेगळ्या भावांकडे आणि एकाच कोठाराचे हिस्से अनेक वाटेकऱ्यांकडे गेलेले असतात. त्यामुळे पाडायला सगळ्यांची सही मिळत नाही. कित्येक जुनी घरे कायद्यापेक्षा या भांडणांनीच वाचवली असतील, असे आमचे मत.

आणि त्या खेचरांच्या वाटेवरची प्रार्थनाघरे. ग्रुंडहून फेला चढणारी जुनी वाट ‘कापेलेनवेग’ म्हणून ओळखली जाते, म्हणजे चॅपेलांची वाट. गोव्यात, कोकणात वाटेवर घुमटी असते तशी १५ छोटी पांढरी घरे या चढणीवर एकामागून एक बांधली आहेत. साल १७०९. प्रत्येकात जाळीआड रंगवलेल्या लाकडी बाहुल्यांनी एक प्रसंग मांडलेला. वाट संपता संपता ‘होहे श्टीगे’ म्हणजे उंच पायऱ्यांवरची मरियमची मोठी चॅपेल लागते. ती १६८७ ची, पुढे वाढवलेली. दर ८ सप्टेंबरला, मरियमच्या जन्मदिवशी, तिथे खोऱ्यातली माणसे यात्रेला जमतात. पंधरा का? ख्रिस्ती जपमाळेत, म्हणजे त्यांच्या तसबीहमध्ये, येशू आणि मरियमच्या आयुष्यातले पंधरा प्रसंग मनात आणायचे असतात: पाच आनंदाचे, पाच दुःखाचे, पाच वैभवाचे. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांत आणखी पाच घातले. सासची वाट पंधरावरच राहिली.

पहिल्या घरात जिब्रईल मरियमला पुत्राची खुशखबर देतो आहे. दुसऱ्यात मरियम जकरियाच्या घरी भेटीला आली आहे. ही माणसे आमच्या वर्गातल्या सगळ्यांना सूरह मरियममुळे माहीत आहेत. दुःखाच्या पाच घरांपाशी आमची आणि त्यांची वाट वेगळी होते. हजरत ईसांना सुळावर चढवले गेले नाही, असे आमचे कुराण सांगते. वेगळी होते ती होऊ द्यावी. बांधणाऱ्याच्या श्रद्धेशी सहमत असल्यावरच इमारतीचा आदर करायचा, अशी अट आम्ही घातली तर वेरूळही आमचे नाही आणि गोलघुमट त्यांचा नाही.

या बाहुल्यांचीही एक गंमत आहे. सॅम्युअल बटलर हा इंग्रज लेखक इथे आला आणि १८९० मध्ये त्याने सासच्या या कलेवर लेख लिहिला. त्यातल्या चांगल्या बाहुल्या पाहून त्याला वाटले की हे काम वाराल्लोच्या प्रसिद्ध ताबाकेत्ती या फ्लेमिश शिल्पकाराचेच असले पाहिजे, म्हणजे शंभरएक वर्षे जुने. १७०९ हा आकडा आड येत होता, तो त्याने बाजूला सारला. अर्धशतकापूर्वी एंगेलहार्टने डोंगरांची नावे अरबांना देऊन टाकली, आता बटलरने बाहुल्या फ्लेमिश उस्तादाला. गावात जे आहे ते गावाचेच असू शकते, हे बाहेरून येणाऱ्याला लवकर सुचत नाही.

ही घरे त्याच काळात का उभी राहिली असावीत? खोऱ्याच्या वरच्या अंगाला माटमार्क नावाची सपाटी आहे. अलालिन हिमनदी वाढून तिथे उतरे तेव्हा नदीचा प्रवाह अडवून बर्फाचे धरण तयार होई. मागे तळे साचे आणि एके दिवशी धरण फुटे. १६३३ मध्ये असा पूर आला आणि त्याने खोऱ्यातली शेती खरवडून नेली. १६८० मध्ये पुन्हा. त्या पुरानंतर लोकांनी चाळीस वर्षे नाचगाणे न करण्याचा नवस केला, असे खोऱ्याच्या बखरीत आहे. सात वर्षांनी होहे श्टीगेची चॅपेल झाली आणि २९ वर्षांनी पंधरा घरे, नवसाची मुदत संपायच्या आत. बांधणाऱ्यांनी कारण लिहून ठेवले असो-नसो, आम्हांला त्या चढणीवर पुराचे पाणी ऐकू येते. ‘झरा’ असे गोड नाव ज्या हिमनदीला द्यायचे, तिच्यापासून सुटका मागत ही माणसे पंधरा वेळा थांबत होती.

सुटका झाली नाही. १९६० च्या दशकात माटमार्कला विजेसाठी खरे धरण बांधायला घेतले. मजुरांच्या बराकी आणि खानावळ नेमक्या अलालिन हिमनदीच्या जिभेखाली ठेवल्या होत्या. ३० ऑगस्ट १९६५ च्या संध्याकाळी जीभ तुटली. सुमारे २० लाख घनमीटर बर्फ खाली आला. ८८ माणसे मेली. त्यांत ५६ इटालियन, २३ स्विस, बाकीचे स्पेन, जर्मनी, ऑस्ट्रियाचे, आणि एक माणूस तर कोणत्याच देशाचा नव्हता. खटला चालला. १९७२ मध्ये सतराही आरोपी निर्दोष सुटले. अपिलात निकाल कायम राहिला आणि कोर्टखर्चाचा निम्मा भाग मृतांच्या नातेवाइकांवर टाकला. मोंते मोरोच्या पलीकडच्या देशातून आलेल्या या माणसांची जपमाळ सासच्या लोकांचीच होती, धर्म तोच, पंथही तोच. तरी १९७० मध्ये, खटला अजून चालायचा होता तेव्हा, परदेशी कामगारांची संख्या कायद्याने कमी करावी म्हणून देशभर मतदान झाले. प्रस्ताव पडला, पण ४६ टक्के मते त्याच्या बाजूने होती. परका ठरायला वेगळा धर्म लागतोच असे नाही.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत हा देश दक्ष आहे. १९६६ चा निसर्ग आणि वारसा रक्षणाचा संघराज्य कायदा आहे. सांस्कृतिक ठेव्यांची राष्ट्रीय यादी आहे, तिच्यात होहे श्टीगेची चॅपेल ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ म्हणून नोंदलेली आहे. राज्यघटनेच्या ७८ व्या कलमात गावांची रूपे, ऐतिहासिक जागा, सांस्कृतिक स्मारके जपण्याचे बंधन आहे. त्याच्या थोडे आधी ७५-ब हे कलम आहे, ते २०१२ च्या मतदानातून आले. कोणत्याही गावात सुट्टीपुरती वापरायची दुय्यम घरे एकूण घरांच्या २० टक्क्यांहून जास्त नकोत. वालिसमधल्या पर्यटनाच्या गावांना ते झोंबले, कारण जुने कोठार विकत घेऊन त्याचा बंगला करणारे शहरी लोक हेच त्यांचे गिऱ्हाईक. आणि त्याच्याही जरा आधी, ७२ व्या कलमात, २९ नोव्हेंबर २००९ च्या मतदानाने एक वाक्य जोडले गेले: मिनार बांधण्यास बंदी आहे. ५७.५ टक्के मते बंदीच्या बाजूने पडली. तेव्हा साऱ्या देशात मिनार होते चार.

ही तीन कलमे आम्ही एका बैठकीत वाचली. ७२ पासून ७८ पर्यंत जायला फार पाने उलटावी लागत नाहीत. प्रचाराच्या भित्तिपत्रकावर स्विस झेंड्यातून क्षेपणास्त्रांसारखे वर आलेले काळे मिनार आणि पुढे बुरख्यातली बाई होती. जणू फ्राक्सिनेटची होडी पुन्हा किनाऱ्याला लागली होती. खरे तर तिथले बहुतेक मुसलमान बोस्निया, कोसोव्हो, तुर्कस्तान इथून आलेले, कारखान्यांत आणि बांधकामांवर राबणारे. माटमार्कच्या इटालियनांच्या पंगतीतले. त्यांचा आणि दहाव्या शतकातल्या टोळीचा जेवढा संबंध, तेवढाच आमच्या वर्गातल्या त्या मुलाचा. म्हणजे काहीच नाही. पण मुलाच्या हातातली पुस्तिका त्याला सांगत होती की ते ‘आपले’, आणि भित्तिपत्रकही तेच सांगत होते की ते यांचेच. पुस्तिकेत अभिमान होता, भित्तिपत्रकात भीती, आणि दोघांच्या मुळाशी एकच कच्चा इतिहास.

सासच्या लोकांनी मात्र एक गोष्ट केली नाही, ती नोंदली पाहिजे. अरबांचा तर्क गेली पावणेदोनशे वर्षे त्यांच्या कानावर आहे. प्रवासवर्णनांत छापला जातो, पाहुण्यांना मिटक्या मारत सांगितला जातो. तरी कुणी अलालिनचे नाव बदला म्हटले नाही, मोंते मोरोचे शुद्धीकरण केले नाही. घाटाजवळच्या माथ्यावर बर्फाच्या देवीची, म्हणजे मरियमचीच, सोनेरी मूर्ती उभी आहे आणि डोंगर मूराच्या नावाचा आहे. दोघांचे बरे चालले आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावले. सगळे सांगितले: होडी, फ्राक्सिनेट, दगड लोटून मारलेले यात्रेकरू, सिंहीण आणि शेणाचा काटा, उंदराला अडवणारी शिळा, पूर आणि पंधरा घरे. अलालिनवर त्याचा चेहरा पडला, ते लपले नाही. ढालीवर भाकर भाजणाऱ्याची गोष्ट त्याने पुन्हा सांगायला लावली. मग विचारले, “सर, उसका नाम क्या था?”

ग्लाबेरने नाव लिहिलेले नाही. आम्ही तसे सांगितले. घंटा झाली आणि तो वर्गात गेला.